काटा आणि कान

‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी आपल्याकडे संतूर आणि बासरीची म्हणून ओळखली जाते. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया ही दोन नावं पुढे एवढी मोठी झाली की तिसरं नाव कव्हरवरच राहून गेलं. ते नाव ब्रिजभूषण काबरांचं. माझ्या मते या तबकडीचा कणा त्यांची गिटार आहे, आणि ती ज्या रीतीने रेकॉर्ड झाली आहे त्याची बरोबरी करणारी गिटारची रेकॉर्डिंग्ज आपल्या रागसंगीतात फार थोडी आहेत.

तबकडी १९६७ची, एचएमव्हीची, मुंबईत झालेली. कल्पना साधी होती. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, प्रहराप्रहराच्या रागांतून उलगडायचा. पहाटेला अहिर भैरव आणि नट भैरव, दिवस कलताना पिलू, संध्याकाळी भूप, मग देस, शेवटी पहाडी. तबल्यावर माणिकराव पोपटकर. आणि या सगळ्यांच्या मागे, काचेपलीकडे, कंपनीचे जी. एन. जोशी. आजची पिढी त्यांना ओळखत नसेल, पण मराठी भावगीताची पायवाट ज्यांनी पाडली त्यांतले ते एक. वकिलीचं शिक्षण घेतलेला, ना. घ. देशपांड्यांच्या ‘शीळ’ने घराघरांत पोचलेला हा गायक १९३८मध्ये एचएमव्हीत गेला आणि काचेच्या त्या बाजूचा झाला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे म्हणायचं आहे त्याचं मूळ इथेच आहे.

आधी वाद्याबद्दल. काबरा वाजवत ती गिटार गिब्सन कंपनीची, ‘सुपर ४००’ या जातीची. १९३४मध्ये बाजारात आली तेव्हा तिची किंमत चारशे डॉलर होती, नाव त्यावरूनच पडलं. अठरा इंच रुंदीचं अवाढव्य धूड. पोटाला गोल भोक नाही, तर व्हायोलिनला असतात तशा एफच्या आकाराच्या दोन फटी. मुळात ही जाझवाल्यांच्या ताफ्यात बसून ताल धरायची गिटार. काबरांनी तिची मानेकडची पट्टी उंच केली, चिकारी घातली, ती मांडीवर आडवी घेतली आणि डाव्या हातात पोलादी दांडी धरून सरोदच्या वाटेने वाजवली. ते अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. मीड, गमक, सुराला सूर चिकटवून नेणं हे सगळं त्या दांडीत आलं ते तिथून.

रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या दृष्टीने यात पहिलीच अडचण अशी की मांडीवर आडवी ठेवलेली गिटार छताकडे तोंड करून गाते. उभी धरलेली गिटार समोर बसलेल्याशी बोलते, ही वर बोलते. संतूरचंही तेच. बासरीचा आवाज फुंकेपाशी वेगळा आणि शेवटच्या उघड्या भोकापाशी वेगळा. त्यात फुंकेसमोर माईक धरलात तर हवेचे फटकारे बसतात. तबल्याचं आणखी निराळं. चार वाद्यं, चार दिशा, आणि सगळी एकाच खोलीत एकाच वेळी वाजणार. प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेऊन नंतर सावकाश जुळवत बसण्याची चैन तेव्हाच्या मुंबईत नव्हती. वाजत असताना जो बॅलन्स टेपवर उतरला तोच कायमचा. संतूरच्या माईकमध्ये गिटार शिरणार, गिटारच्या माईकमध्ये तबला. हे शिरणं थांबवता येत नाही, फक्त ते गोड लागेल अशा जागा शोधता येतात.

आता अहिर भैरव ऐका. कोमल रिषभावरून षड्जावर उतरणारी गिटारची मीड लक्ष देऊन ऐका. आधी तारेवर नखीचा आघात होतो, तो टोचत नाही पण स्पष्ट आहे. मग सूर फुलतो. आणि मग दांडी सरकते तेव्हा तारेच्या वळशांवर पोलाद घासल्याची एक बारीक सळसळ येते. ही सळसळ रेकॉर्डिंगवाल्याला अगदी सहज मारता आली असती. वरचे सूर जरा कापले की ती गेली. पण तिच्याबरोबर हाताची चाहूलही गेली असती. उलट माईक अजून पुढे सरकवला असता तर सळसळ एवढी मोठी झाली असती की रिषभाचं आंदोलन बाजूला पडून आपण दांडीच ऐकत बसलो असतो. जी ठेवली आहे ती मात्रा अशी आहे की पहिल्यांदा ऐकताना ती जाणवत नाही, आणि एकदा जाणवली की तिच्याशिवाय तो सूर पुरा वाटत नाही. गायकाचा श्वास रेकॉर्डमध्ये किती ठेवायचा, हाच तो प्रश्न. श्वासाचा हिशेब आयुष्यभर गायलेल्या माणसाच्या कानाला जास्त कळतो.

गिटार आणि माईक यांचं नातं पुस्तकात नीट मांडलेलं आहे, आणि ते पाठ असलेली मुलं आज आमच्या शिर्डीतही आहेत. साईभजनांचे व्हिडिओ करायचे म्हणून गल्लीगल्लीत एकेक लॅपटॉप, एकेक माईक आणि एकेक गिटार आली आहे. अशाच एका पोराच्या खोलीत बसलो होतो. खाली लॉज, वर हा. फरशीची जमीन, उघड्या भिंती, खिडकीतून नगर-मनमाड रस्त्याचे हॉर्न. त्याने माईक गिटारच्या गोल भोकासमोर वीतभर अंतरावर रोवला होता, आवाज तिथूनच बाहेर येतो या हिशेबाने. पडद्यावर लाटा झकास दिसत होत्या, कुठेही लाल दिवा नाही. ऐकलं तर रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं. त्याने जी कॉर्ड छेडली की खर्ज भसकन फुगायचा, ई छेडली की तेवढा नाही.

कारण पुस्तकातच आहे. गिटारच्या पोटातली हवा स्वतः एका ठरावीक सुराला घुमते, नेहमीच्या मोठ्या गिटारीत तो सेकंदाला साधारण १०० कंपनांच्या आसपास असतो. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला वाजणारा जी ९८ कंपनांचा. म्हणजे भोकासमोर माईक लावला की हा एक सूर इतरांच्या डोक्यावर बसतो. वर एका दिशेने ऐकणारे माईक जवळ नेले की स्वतःच्या अंगानेही खर्ज वाढवतात. पोराला हे दोन्ही माहीत होतं, विचारल्यावर त्याने ते मलाच समजावून सांगितलं. फक्त समोरचा फुगवटा म्हणजे तेच, हे त्याच्या कानाला लागलेलं नव्हतं. मग त्याने माईक बाराव्या फ्रेटकडे, दीड वितीवर नेला, तोंड जरा गळ्याकडे वळवलं. खर्ज बसला, तारा उजळल्या, आणि आता फरशीवरून उलटून येणारा आवाज ऐकू यायला लागला. त्याने भिंतीला गोधडी टांगली. गोधडीने वरचे सूर पिऊन टाकले आणि खालचे तसेच सोडले, कारण १०० कंपनांची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तिला गोधडीची जाडी म्हणजे काहीच नाही. गोधडी काढली. मग तो स्वतः खुर्ची घेऊन खोलीत फिरत बसला, एका कोपऱ्यात वाजव, दाराशी वाजव, कपाटासमोर वाजव. कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर गिटार एकदम गिटारसारखी वाजली. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. पण पुस्तक नसतं तर कशासाठी फिरतोय हेही त्याला कळलं नसतं.

दोन माईक लावले की गोष्ट आणखी अवघड होते, आणि ती समजायला शिर्डीइतकं सोयीचं गाव नाही. दुपारी बाराला माध्यान्ह आरती सुरू झाली की एकमेकांपासून लांब लांब असलेले भोंगे वाजू लागतात आणि तुम्ही दोहोंच्या मधे कुठेतरी उभे असता. जवळचा भोंगा आधी, लांबचा किंचित मागून. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून ३४ मीटरचा फरक असला की शब्दाला एक दशांश सेकंदाची सावली पडते. गिटारसमोरच्या दोन माईकांमधला फरक असतो समजा ३४ सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्याने सावली ऐकू येत नाही, पण दोन्ही माईक एकत्र मिसळले की काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात. या फरकाला ५०० कंपनांचा सूर पडतो, मग १५००चा, मग २५००चा. नेमका गिटारचा गळा असतो तो पट्टा. आवाज पोकळ होतो, चाळणीतून आल्यासारखा, आणि डाव्या-उजव्या कानात वेगवेगळा ऐकताना त्याचा पत्ताही लागत नाही. एका स्पीकरवर ऐकलं की बिंग फुटतं. १९६७मध्ये बहुतेक घरांत ग्रामोफोन एकाच स्पीकरचा होता. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आजही मोबाईलच्या एकुलत्या स्पीकरवर लावून पाहा. गिटार बारीक होते, पण पोकळ होत नाही.

या तबकडीतली सर्वांत कठीण जागा मला गिटार आणि संतूर यांच्यामधली वाटते. दोन्ही तारांची वाद्यं, दोन्ही आघाताने बोलणारी. संतूरच्या तारेवर कलम पडतं आणि क्षणात आवाज शिखर गाठून उतरू लागतो. रेकॉर्डिंगच्या टेबलावर जो काटा असतो, त्या काळचा व्हीयू मीटर, तो संथ असतो. पूर्ण उंचीवर जायला त्याला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो. संतूरचा आघात तोवर होऊन गेलेला असतो. काटा सांगतो अजून पुष्कळ जागा आहे, आणि टेपवर मात्र आवाज चिरलेला असतो. बासरीचा लांब सूर लावला की हाच काटा इमानदारीने वर चढतो. म्हणजे काट्यावर विसंबून तिघांची लेव्हल सारखी केली तर संतूर कर्कश येणार, बासरी मागे राहणार, आणि गिटार दोघांच्या मधे अर्धवट. कारण तिचा आघात संतूरसारखा आणि पुढची मीड बासरीसारखी. काटा कुठे फसवतो हे माहीत असणं हे शास्त्र. किती फसवलं हे ओळखायला मात्र कानच लागतो.

तबकडीवर संतूर कुठेही काचेसारखा फुटत नाही, हे त्या कानाचं श्रेय. आणि गिटारला जी जागा दिली आहे ती बघा. वरचे सूर आणखी उजळले असते तर ती संतूरच्या अंगणात गेली असती, खालचे भरले असते तर डग्ग्याशी भांडली असती. तिला मधला पट्टा मिळाला आहे, माणसाच्या आवाजाचा. त्यामुळे संतूर कण उधळतो, बासरी वर तरंगते, आणि या दोघांमध्ये कुणीतरी गातंय असं वाटत राहतं. गातंय ती गिटार. डग्गा या सगळ्यात जरा दबलेला आहे, तबल्याच्या रसिकांना तो खटकतो. मलाही पिलूमध्ये तो थोडा खटकतो. पण गिटारच्या खालच्या तारांना श्वास घ्यायला जागा हवी होती, ती कुणाकडून तरी घ्यावी लागणारच होती.

इथे जोशीबुवांच्या भावगीतगायनाकडे परत जावं लागतं. भावगीत हा प्रकारच माईकने शक्य केला. नाटकाच्या रंगमंचावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज वेगळा, आणि ओठांपासून वीतभरावर असलेल्या माईकमध्ये सोडायचा आवाज वेगळा. विजेवर चालणारं रेकॉर्डिंग १९२५मध्ये आलं, त्यानंतरच्या पहिल्या पिढीने हे अंतर स्वतःच्या गळ्यावर शिकून घेतलं. शब्दातला ‘स’ किती फुटतो, ‘प’ किती धडकतो, तान घेताना मान किती मागे न्यायची. जोशी या पिढीचे. पुढे कंपनीत बसून त्यांनी मोठमोठ्या गवयांना रेकॉर्डिंगला राजी केलं, तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत राग बसवायला लावला, आणि हे सगळं ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहूनही ठेवलं. तंत्रज्ञाला सूचना देणारा माणूस स्वतः माईकसमोर घामाघूम झालेला असणं, याची किंमत पगाराच्या हिशेबात कधी धरली जात नाही. एरवी संगीतकार म्हणतो, जरा ऊब हवी. तंत्रज्ञ म्हणतो, कोणत्या पट्ट्यात? दोघंही बरोबर, आणि दुपार वाया गेलेली. दोन्ही बोली येणारा एक माणूस मधे असला की काम होतं.

वाजवणारेही तसेच मिळाले होते. शर्मा आणि चौरसिया दोघांचंही तरुणपण मुंबईच्या सिनेमा स्टुडिओंत माईकसमोर गेलं. तिथे एका माईकभोवती पाचसहा जण बसायचे, आणि वादकाला स्वतःच्या हाताने लेव्हल सांभाळावी लागायची. आपली ओळ आली की पुढे, झाली की मागे. या तबकडीत एक वाद्य मागे सरतं आणि दुसरं पुढे येतं तेव्हा ते टेबलावरच्या बटणाने झालं की वादकाच्या मनगटाने, हे कानाला सहज वेगळं करता येत नाही. मला ते मनगटाचं वाटतं, कारण आवाज कमी होताना त्याचा पोतही मऊ होतो. बटण फिरवलं तर आवाज लहान होतो, पोत तोच राहतो.

भूप झपतालात आहे. दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन. पाचच सुरांचा राग, मध्यम-निषाद वर्ज्य, म्हणजे लपायला जागा नाही. गंधार जरासा हलला तरी उघडा पडतो. दांडीने वाजवणाऱ्याला फ्रेटचा आधार नसतो, फ्रेट फक्त डोळ्यांसाठी खुणा. काबरांचा गंधार मात्र खुंटीला टांगल्यासारखा स्थिर आहे, आणि माईकने त्याला कसलीही धूप-धुरी लावलेली नाही. आजकाल अशा जागी प्रतिध्वनीचं तूप ओतून सगळं गुळगुळीत करतात. सुराची कड त्यात बुडते, बेसूर असेल तर तेही बुडतं, दोघांचीही सोय. देसबद्दल फार लिहीत नाही. तो सुंदर आहे, पण दोन्ही निषादांचं जे लाघव गळ्यातून येतं ते इथे तिघांच्या वाटपात थोडं विखुरलं आहे.

पहाडी मात्र पुन्हा पुन्हा ऐकण्यासारखी. ती दुसऱ्या बाजूच्या शेवटी येते, आणि तबकडीत शेवट म्हणजे केंद्राजवळ. मिनिटाला ३३⅓ फेरे हा वेग तोच, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, आत जेमतेम २१. तेवढ्या कमी लांबीत तेवढेच बारीक सूर कोरायचे म्हणजे ते एकमेकांवर दाटतात, चमक जाते, मोठा आवाज फाटतो. तबकडी कापणारे लोक म्हणून शेवटी गोंगाटाचं काही येऊ नये अशा प्रयत्नात असत. इथे मेंढपाळाच्या दिवसानेच तो प्रश्न सोडवला. रात्र शेवटी येणार, रात्रीला शांत धून येणार, आणि ती आतल्या आखूड खाचांना मानवणार. कल्पना कानाची, फायदा यंत्राचा. जुन्या तबकडीवर ही पहाडी ऐकली तर गिटारची धार पहाटेपेक्षा किंचित बोथट लागते, आणि दिवसभर फिरून आलेल्या माणसाच्या आवाजासारखी ती त्या जागी शोभते.

पुढे सीडी निघाली तेव्हा पहाडीनंतर आणखी काही रचना जोडल्या गेल्या, आणि मोबाईलवर हल्ली त्याच क्रमाने सगळं वाजतं. त्या रचना वाईट नाहीत, पण त्यांचा या दिवसाशी संबंध नाही. ऐकायचंच तर पहाडी संपली की तिथे थांबवावं, बाकीचं दुसऱ्या दिवशी वेगळं ऐकावं. आणि पहिल्यांदा ऐकताना शक्यतो इअरफोन घालू नयेत. दोन साध्या स्पीकरांसमोर, आवाज जरा कमी ठेवून बसावं. गिटार किती पुढे आहे आणि किती नाही, हे त्या मोजक्या आवाजातच नीट कळतं.